रोजच्या जेवणातून पुरेसे झिंक कसे मिळवावे?

झिंक म्हणजे आपले जस्त. लोह आणि कॅल्शियमबद्दल बहुतेक घरांत थोडीफार माहिती असते. झिंकचे नाव मात्र अनेकांनी पहिल्यांदा ऐकले ते कोविडच्या काळात, गोळ्यांच्या पाकिटावर. तेव्हापासून "डॉक्टर, ती झिंकची गोळी चालू ठेवू का?" हा प्रश्न ओपीडीत वरचेवर येतो. थोडक्यात उत्तर असे, की बहुतेक निरोगी प्रौढ माणसांना गोळी लागत नाही. पण आपल्या धान्यप्रधान जेवणातून झिंक पुरेसे मिळतच असेल, असे धरून चालणेही बरोबर नाही. आपल्याकडे प्रश्न दुहेरी आहे : जेवणात झिंक किती आहे आणि त्यातले किती अंगी लागते. या दोन्हींवर स्वयंपाकघरात बरेच काही करता येते.

झिंक शरीरात काय करते?

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून साधारण २ ग्रॅम झिंक असते. त्याचा मोठा भाग स्नायू आणि हाडांमध्ये असतो. शरीरातील ३०० हून अधिक एन्झाइम्सना काम करण्यासाठी झिंक लागते. पेशींचे विभाजन, जखम भरून येणे, रोगप्रतिकारशक्ती, चव आणि वास कळणे, मुलांची वाढ, वयात येणे, पुरुषांमध्ये शुक्रजंतू तयार होणे या सगळ्यांत त्याचा वाटा आहे.

लोहाचा साठा यकृतात होतो आणि कॅल्शियमचा हाडांत. झिंकचे तसे वेगळे कोठार शरीरात नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा भरपूर झिंक असलेला पदार्थ खाऊन बाकीचे दिवस भागत नाही. ते थोडे थोडे, पण रोज मिळावे लागते.

रोज किती लागते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम झिंक मिळायला हवे. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ही गरज १४ ते १५ मिलिग्रॅमपर्यंत जाते. एक ते तीन वर्षांच्या बाळाला ३ मिलिग्रॅमच्या थोडे वर लागते. वयात येणाऱ्या मुलामुलींची गरज झपाट्याने वाढते. १६-१७ वर्षांच्या मुलाला जवळजवळ वडिलांइतकेच झिंक लागते.

इंटरनेटवर शोधल्यास पुरुषांसाठी ११ आणि स्त्रियांसाठी ८ मिलिग्रॅम असे आकडे दिसतील. ते अमेरिकेतील शिफारशींचे आहेत. तेथील जेवणात मांस जास्त असते आणि मांसातील झिंक सहज शोषले जाते. आपल्या जेवणातील झिंक बहुतांशी धान्य-कडधान्यांतून येते आणि त्यातले कमी शोषले जाते, म्हणून आपल्यासाठी आकडा मोठा ठेवला आहे. आपल्या घरासाठी भारतीय आकडेच धरावेत.

ताटात असते, मग अंगी का लागत नाही?

ज्वारी, बाजरी, गहू, नाचणी, हरभरा, तूर, तीळ, शेंगदाणे या सगळ्या मुळात बिया आहेत. बी रुजताना कोंबाला लागणारे फॉस्फरस त्यात साठवलेले असते, आणि ते ज्या रूपात साठवलेले असते त्याला फायटेट म्हणतात. धान्यांत ते मुख्यतः कोंड्यात आणि अंकुराच्या भागात असते. आतड्यात गेल्यावर फायटेट झिंकला घट्ट धरून ठेवते आणि मग ते झिंक शोषले न जाता शौचावाटे निघून जाते. फायटेट तोडणारे एन्झाइम माणसाच्या आतड्यात फारच कमी असते.

माणसाला झिंकची कमतरता होऊ शकते हे वैद्यकशास्त्राला कळले, तेसुद्धा याच वाटेने. डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारमधील बक्सरचे. १९५८ मध्ये ते इराणमधील शिराझ येथे काम करू लागले. तेथे त्यांच्यासमोर असे तरुण रुग्ण आले, की ज्यांचे वय विशीच्या आसपास, पण शरीर दहा वर्षांच्या मुलाएवढे. दाढी-मिशा नाहीत, वयात आल्याची खूण नाही, शिवाय रक्तक्षय. त्यांच्या जेवणात मांस-दूध जवळजवळ नव्हतेच. मुख्य आहार न आंबवलेल्या गव्हाच्या रोट्यांचा, आणि त्यातील काही जणांना माती खाण्याची सवय होती. १९६१ मध्ये त्यांनी या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे इजिप्तमधील अशाच रुग्णांत झिंकची कमतरता सिद्ध झाली, आणि झिंक दिल्यावर त्यांची उंची वाढली, ते वयात आले. रोट्यांमध्ये झिंक होते, पण फायटेटने ते अडवून ठेवले होते. मातीने त्यात भर घातली.

आपली पोळी आणि भाकरीसुद्धा न आंबवलेलीच असते. म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण आपण त्याबरोबर डाळ, उसळ, दही, भाजी खातो. पण ज्या घरात दोन्ही वेळा फक्त भाकरी-चटणी किंवा भात आणि पातळ वरण एवढेच असते, त्या घरातील वाढत्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १९ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या ३२ टक्के मुलामुलींमध्ये झिंक कमी आढळले होते. किशोरवयीन मुलांमधील हा आकडा मला जास्त चिंतेचा वाटतो, कारण या वयात मुलांच्या खाण्याकडे घरच्यांचे लक्ष कमी झालेले असते.

मग कोंडा चाळून टाकावा का, किंवा मैदा खावा का? नाही. कोंड्याबरोबर झिंकही जाते. १०० ग्रॅम गव्हाच्या आट्यात सुमारे २.८ मिलिग्रॅम झिंक असते, मैद्यात ते १ मिलिग्रॅमच्याही खाली येते. फायटेट काढायचे, पण झिंक ठेवायचे, असा मार्ग हवा. तो आपल्या स्वयंपाकात आहेच.

भिजवणे, मोड आणणे, आंबवणे

बी पाण्यात भिजले की त्याला रुजण्याची वेळ आली असे 'वाटते' आणि त्याच्यातलेच एन्झाइम फायटेट तोडू लागते. मोड येईपर्यंत हे काम आणखी पुढे जाते. आंबवताना तयार होणारे आम्ल या एन्झाइमला मदत करते आणि सूक्ष्मजीवही आपल्या परीने हातभार लावतात. म्हणून फुटाण्यांपेक्षा मोड आलेले हरभरे, साध्या भातापेक्षा उडीद-तांदळाची इडली, आणि नुसत्या पिठापेक्षा रात्रभर ताकात भिजवून केलेली ज्वारीची किंवा नाचणीची आंबील झिंकच्या दृष्टीने सरस आहे.

मटकी, मूग, हरभरे, चवळी, मसूर यांना ८ ते १२ तास भिजवून, पाणी काढून टाकून, मग फडक्यात बांधून मोड आणावेत. मूग-मटकीला एका दिवसात मोड येतात, हरभऱ्याला थोडा जास्त वेळ लागतो. भिजवलेल्या पाण्याबरोबर थोडे झिंकही जाते, पण फायटेट कमी झाल्याचा फायदा त्याहून मोठा आहे. शिजवताना मात्र जास्तीचे पाणी ओतून देऊ नये. उसळीचा रस्सा किंवा कट जेवणातच येऊ द्यावा. उष्णतेने झिंक नष्ट होत नाही, ते जाते ते फेकून दिलेल्या पाण्यातून. मोड आलेले कच्चे खाण्याची गरज नाही. पावसाळ्यात, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तर ते शिजवूनच द्यावेत.

तूर किंवा मुगाची डाळसुद्धा शिजवण्यापूर्वी काही तास भिजवली तर चांगले. सकाळी घाई असते हे खरे, पण रात्री झोपताना डाळ पाण्यात टाकायला अर्धा मिनिट लागतो.

नाचणीचे सत्त्व हे घरगुती उदाहरण तर फारच चांगले आहे. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवून भाजायची आणि दळायची. बाळाच्या वरच्या आहारासाठी याहून सोपा पदार्थ सुचवणे कठीण. बाजारातील 'नाचणी सत्त्व' घेताना ते खरोखर मोड आणून केले आहे की साध्या पिठात साखर घातली आहे, हे पाकिटावर वाचावे.

भाजणीचे थालीपीठ पौष्टिक खरेच, कारण त्यात अनेक धान्ये आणि डाळी एकत्र येतात. पण नुसत्या भाजण्याने फायटेट फारसे कमी होत नाही. थालीपिठाचे पीठ ताकात भिजवून तास-दोन तास ठेवले तर थोडा फायदा होतो. त्याबरोबर दही घ्यावे. दूध-दही, अंडी, मांस यांतील प्रथिनांमुळे त्याच जेवणातील धान्याचे झिंकही अधिक शोषले जाते.

कांदा-लसणाचेही नाव येथे घ्यायला हवे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झालेल्या प्रयोगांत धान्ये व कडधान्यांबरोबर कांदा किंवा लसूण मिसळल्यास त्यातील झिंक आणि लोह अधिक मोकळे होते असे दिसले. हे प्रयोग प्रयोगशाळेत, पचनाची नक्कल करून केलेले आहेत. त्यामुळे कांदा खाल्ल्याने कमतरता बरी होते असे म्हणता येणार नाही. पण भाकरीबरोबर कांदा आणि लसणाची चटणी खाण्याची सवय असेल तर ती सोडू नका.

लिंबाबद्दल एक गैरसमज आहे. लिंबू, आवळा यांतील 'क' जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते, झिंकचे तसे विशेष वाढत नाही. लोहासाठी लिंबू पिळाच, झिंकसाठी त्यावर विसंबू नका.

कोणत्या पदार्थात किती?

खालील आकडे १०० ग्रॅम कच्च्या पदार्थातील आणि अंदाजे आहेत. जमीन, वाण आणि साठवण यांनुसार ते बदलतात.

तिळात ७ ते ८ मिलिग्रॅम झिंक असते आणि भोपळ्याच्या बियांतही साधारण तितकेच. काजूत ५ च्या आसपास, शेंगदाण्यात ३ च्या थोडे वर. हरभरा आणि मसूर ३ ते ३.५, मूग, तूर आणि राजमा २.५ ते ३, मटकी २ च्या जवळ. धान्यांत गहू, बाजरी आणि राजगिरा पावणेतीनच्या आसपास, नाचणी अडीच, ज्वारी २, आणि पांढरा तांदूळ जेमतेम १.२. दुधात १०० मिलिलिटरला ०.३ ते ०.४ एवढेच, पण ते चांगले शोषले जाते. दुधाचे पनीर झाले की प्रमाण वाढते. पालेभाज्या आणि फळे यांचे इतर फायदे खूप, पण झिंकसाठी त्यांच्यावर अवलंबून राहता येत नाही. साखर, तेल आणि तुपात ते नसल्यातच जमा आहे.

मांसाहारी घरांत मटण हा चांगला स्रोत आहे : १०० ग्रॅममध्ये सुमारे ४ मिलिग्रॅम. कोंबडीत त्याहून कमी, आणि छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीत जास्त. एका अंड्यात अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम. पापलेट, बांगडा, सुरमई यांत प्रथिने उत्तम असली तरी झिंक १ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. याउलट खेकड्यांत ते भरपूर. आणि कोकणात खडकावरून फोडून आणली जाणारी कालवे तर झिंकच्या बाबतीत सगळ्या पदार्थांच्या वर आहेत, चार-सहा कालवांत दिवसभराची गरज भागू शकते. ती स्वच्छ पाण्यातली आणि नीट शिजवलेली असावीत. सुकट, सोडे हे वाळवलेले असल्याने वजनाच्या मानाने त्यांत झिंक बरेच असते, पण मीठही बरेच असते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते जपून खावेत.

उपवासाबद्दल : साबुदाण्यात झिंक जवळजवळ नसते. खिचडीत जे काही असते ते दाण्याच्या कुटातून येते. आठवड्यातून दोन-तीन उपवास करणाऱ्या स्त्रियांनी साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, दाण्याची आमटी, दही यांवर भर द्यावा.

काही पिकांच्या वाणांतच झिंक आणि लोह जास्त असावे असे प्रयत्न चालू आहेत. हैदराबादजवळील इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून विकसित केलेला 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात आला. त्यात लोह जास्त आहे आणि झिंकही चांगले आहे. घरची शेती असेल तर कृषी सहायकाकडे चौकशी करता येईल.

एका दिवसाचा हिशेब

शाकाहारी स्त्रीच्या एका दिवसाच्या जेवणाचा अंदाज घेऊ. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी म्हणजे सुमारे १२० ग्रॅम पीठ, त्यातून २.३ मिलिग्रॅम. रात्री तीन पोळ्या, ९० ग्रॅम कणीक, २.५. मूठभर तांदळाचा भात ०.६. मोड आलेल्या हरभऱ्याची उसळ, कोरडे हरभरे ४० ग्रॅम धरले तर १.३. वरणाची डाळ ३० ग्रॅम, ०.८. दिवसभरात दूध, दही, ताक मिळून ३०० मिलिलिटर दुधाइतके, १. भाजीत दोन चमचे दाण्याचा कूट ०.६. तिळाची चटणी, १० ग्रॅम तीळ, ०.८. भाज्या-फळे मिळून ०.८. बेरीज होते पावणेअकराच्या जवळ.

हे चांगले जेवण आहे, तरीही १३ पर्यंत पोचायला थोडे कमी पडते. त्यात दुपारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी २० ग्रॅम भोपळ्याच्या बिया किंवा काजू-शेंगदाणे घेतले आणि रात्रीच्या जेवणात मसुराची आमटी वाढवली, की आकडा पूर्ण होतो. तीळ हा संक्रांतीपुरता ठेवू नये. तिळकूट किंवा तिळाची चटणी बरणीत असली की रोज एक-दोन चमचे सहज पोटात जातात.

आता दुसरे ताट पाहा : सकाळी चहा आणि बिस्किटे, दोन्ही वेळा भरपूर भात, त्यावर पातळ वरण, बटाट्याची भाजी, थोडे दूध. पोट भरते, उष्मांक पुरेसे मिळतात, पण झिंक ४ ते ५ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. शिक्षणासाठी शहरात खोली करून राहणारी मुले, एकटी राहणारी वयस्कर माणसे आणि दात गेल्यामुळे मऊ भातावर आलेले आजी-आजोबा यांचे जेवण पुष्कळदा असेच असते. आजी-आजोबांसाठी मुगाची भिजवून वाटलेली धिरडी, मऊ इडली, अंडे चालत असल्यास अंडे, आणि भाजीत-आमटीत दाण्याचा व तिळाचा बारीक कूट हा सोपा उपाय आहे. तुमच्या घरात कोणाच्या ताटात नक्की काय असते, ते तीन दिवस कागदावर लिहून पाहा.

कमतरता कोणाला होते आणि कशी ओळखावी?

सहा महिन्यांनंतरही केवळ अंगावरच्या दुधावर असलेले बाळ, वारंवार जुलाब होणारी मुले, वयात येणारी मुलेमुली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, दूधही न घेणारे कडक शाकाहारी, नियमित दारू पिणारे, यकृताचा किंवा आतड्याचा जुना आजार असणारे, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले आणि सिकल सेलचे रुग्ण यांना धोका जास्त असतो. सिकल सेलचा आजार विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत अधिक आढळतो. त्या कुटुंबांनी मुलाची उंची-वजन नियमित मोजून डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबासाठी थायझाइड गटातील लघवीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांच्याही लघवीतून झिंक थोडे जास्त जाते.

लक्षणे सौम्य आणि इतर आजारांसारखीच असतात : भूक कमी होणे, चव न लागणे, वारंवार संसर्ग, जखम लवकर न भरणे, केस गळणे, मुलांची उंची न वाढणे, वयात यायला उशीर. तीव्र कमतरतेत तोंडाभोवती, शी-शूच्या जागेभोवती आणि हातापायांवर लालसर, सोलवटल्यासारखे चट्टे येतात. त्याबरोबर जुलाब आणि केस गळणे दिसते. काही बाळांमध्ये हे जन्मजात दोषामुळे होते, विशेषतः अंगावरचे दूध सुटल्यावर. अशा बाळाला नुसते मलम लावत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

नखांवरचे पांढरे ठिपके हे बहुतेक वेळा नखाला लागलेल्या छोट्या माराचे असतात, झिंकच्या कमतरतेचे नव्हे. केस गळण्यातही लोहाची कमतरता, थायरॉइड, मोठ्या तापानंतरची किंवा बाळंतपणानंतरची गळती ही कारणे आधी तपासावी लागतात.

रक्तातील झिंकची तपासणी करून घ्यावी का? सरसकट नाही. शरीरातील झिंकचा अगदी छोटा अंश रक्तद्रवात असतो. ताप, संसर्ग, गरोदरपण, नुकतेच झालेले जेवण यांनी तो आकडा खाली येतो. म्हणून अहवालात किंचित कमी आले एवढ्यावरून कमतरता ठरवता येत नाही. आहार, लक्षणे आणि आजार हे सगळे मिळून निर्णय घ्यावा लागतो.

लहान मुलाचे जुलाब : येथे गोळी हवीच

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये मुलांच्या जुलाबांत ओआरएसबरोबर झिंक देण्याची शिफारस केली आणि आपल्याकडे सरकारी आरोग्य केंद्रांत तेच केले जाते. जुलाबांत झिंक शरीराबाहेर जाते. ते भरून दिले की जुलाब लवकर थांबतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा होण्याची शक्यताही कमी होते.

सहा महिन्यांवरील मुलाला दिवसातून एकदा २० मिलिग्रॅमची एक गोळी, आणि २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, अशी १४ दिवस द्यायची असते. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला जुलाब झाले तर थेट डॉक्टरांकडे न्यावे. गोळी चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यावी. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा एकदा द्यावी.

अडचण येते ती चौथ्या-पाचव्या दिवशी. जुलाब थांबतात आणि घरचे गोळीही थांबवतात. जुलाब थांबले तरी शरीरातली तूट भरून निघालेली नसते, म्हणून १४ दिवस पुरे करावेत. पाकीट फ्रिजवर किंवा देवघराशेजारी, रोज नजरेस पडेल पण मुलाच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे आणि कॅलेंडरवर खूण करावी. ही गोळी आणि ओआरएस आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मोफत मिळते. ओआरएस आणि अंगावरचे दूध चालूच ठेवावे. शीतून रक्त जाणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल होणे, काहीच न पिणे किंवा लघवी न होणे यांपैकी काही दिसले तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

मोठ्यांसाठी गोळ्या : केव्हा आणि किती?

डॉक्टरांनी कारण आणि मुदत सांगितली असेल तर गोळी घ्यावी. 'प्रतिकारशक्तीसाठी' म्हणून महिनोन्महिने स्वतःहून घेऊ नये. दीर्घकाळ रोज ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिंक पोटात गेले तर आतड्यात तांब्याचे शोषण अडते. तांबे कमी पडले की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात आणि हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे असे मज्जातंतूंचे त्रास सुरू होतात. ते पूर्ण भरून येतीलच असे नसते. विल्सन या आजारात शरीरात तांबे साचते, तेथे झिंकचा हाच गुण औषध म्हणून वापरतात. पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

पाकिटावर 'एलिमेंटल झिंक' किती आहे ते पाहावे. झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष झिंक सुमारे ५० मिलिग्रॅम असते, तर झिंक ग्लुकोनेट ५० मिलिग्रॅमच्या गोळीत ते जेमतेम ७. अनेकदा मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी आणि प्रोटीन पावडर या तिन्हींत झिंक असते आणि बेरीज कोणी करत नाही. आयुर्वेदातील यशद भस्म हेही जस्तापासूनच केलेले असते. ते घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

उपाशीपोटी गोळी घेतल्यास मळमळ होते, म्हणून ती खाऊन घ्यावी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर वेळा वेगळ्या ठेवाव्यात, उदाहरणार्थ लोह सकाळी आणि झिंक रात्री. डॉक्सिसायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांचे शोषण झिंकमुळे कमी होते. हे प्रतिजैविक झिंकच्या किमान दोन तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावे. नाकात घालण्याची झिंकची औषधे टाळावीत, त्यांनी वास घेण्याची क्षमता कायमची गेल्याची उदाहरणे आहेत.

आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत ताक, सोलकढी, लिंबाचे सरबत असे आंबट पदार्थ ठेवू नयेत. आंबटपणामुळे जस्त त्यात उतरते आणि पिणाऱ्याला उलट्या, पोटात मुरडा येतो. लग्नकार्यात मोठ्या प्रमाणावर ताक करताना स्टीलची पिंपे वापरावीत.